नोकरी सोडण्याचे कारण

“हे कारण नव्हे,” अण्णा म्हणाले आणि अर्ज पुन्हा माझ्याकडे सरकवला.

ही तिसरी वेळ होती. पहिल्यांदा मी ‘नोकरी सोडण्याचे कारण’ या रकान्यात ‘वसतिगृहाची मेस बंद झाली’ असं लिहिलं होतं, आणि ते अगदी खरं होतं. अण्णांनी वाचलं, चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाले, “ही मागची नोकरी झाली. मला त्याच्या मागची हवी.” त्याच्या मागची म्हणजे त्यांचीच. मग मी ‘घरगुती अडचण’ लिहिलं. त्यावर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जशी काही मी श्रीखंडाला फोडणी घातली होती. तिसऱ्यांदा लिहिलं, ‘मालकांशी मतभेद’.

“मतभेद?” अण्णा म्हणाले. “तू आणि मी कधी मतभेद केले? मी सांगायचो, तू करायचीस. त्यात मत आलं कुठे?”

“अण्णा, मी नोकरी सोडली नाही. तुम्ही मला काढलंत. मग कारण मी काय लिहू?”

“तेच लिही. का काढलं ते.”

“तुम्हाला ठाऊक आहे की.”

“मला ठाऊक असून काय उपयोग? अर्ज तुझा आहे.”

आणि ते उठून आंघोळीला गेले. मी पडवीतल्या बाकावर, हातात पेन आणि पुढ्यात खाडाखोड झालेला कागद घेऊन बसून राहिले. मला काहीएक कळेना. हा माणूस मला नोकरी देणार आहे, की नाही म्हणायच्या आधी चार घटका छळणार आहे? जायचं तर उठून जावं, तर ते उठूही देत नव्हते. “संपव आणि मग जा,” असं आत जाता जाता बजावून गेले होते.

या गोष्टीला आता वीस वर्षं होऊन गेली. अण्णा खांबेटे तेव्हा चिपळुणातले नावाजलेले आचारी. मुंजी, वास्तुशांती, सहस्रभोजनं, सगळीकडे सोवळ्यातला स्वयंपाक म्हटलं की खांबेटेच. माणूस कामाला घ्यायचा तर “उद्यापासून ये” एवढंच ते आजवर म्हणत आले होते. अर्जाचं हे खूळ पुण्याला नोकरी करणाऱ्या त्यांच्या मुलाचं. त्याने छापील कागदांचा गठ्ठाच पाठवून दिला होता. त्यावर नाव, पत्ता, शिक्षण, अनुभव असे रकाने होते, आणि हा एक शहाणा रकाना. बाकीच्या रकान्यांकडे अण्णांनी ढुंकूनही पाहिलं नव्हतं. शिक्षणाच्या जागी मी काहीच लिहिलं नव्हतं, तेही त्यांच्या लक्षात आलं नसावं.

मी त्यांच्याकडे नऊ वर्षं काढली होती. मग या अर्जाच्या चार वर्षं आधी, भाऊसाहेब दाबक्यांच्या नातवाच्या मुंजीत, भर मांडवात त्यांनी मला हाकललं. कारण सगळ्या गावाला माहीत होतं. सरोज पेठेने नैवेद्य दाखवायच्या आधी आमटीची चव घेतली.

ज्यांना ही रीत माहीत नाही त्यांना यात एवढं काय, असं वाटेल. पण सोवळ्याच्या स्वयंपाकात देवाला पान दाखवेपर्यंत कुणी जिभेला काही लावत नाही. चव घेतली की अन्न उष्टं झालं. तीनशे पानांची आमटी असली तरी तिचं तिखट-मीठ वासावरून, रंगावरून, उकळी कशी फुटते त्यावरून ओळखायचं. अण्णांकडे तर त्याहून कडक शिस्त. बाकी काहीही आम्ही बायकांनी करावं, पण मीठ घालणार ते एकटे. मुठीने घालायचे. ती मूठ चाळीस वर्षांत चुकली नाही, असं लोक सांगायचे आणि आम्हीही सांगायचो.

त्या मुंजीनंतर गावात मला कुणी उभं करेना. देवाचं उष्टं करणारी बाई स्वयंपाकाला कोण ठेवणार? माझे यजमान आधीच गेलेले. मुलगी अवनी तेव्हा पाचवीत. तिला सासूबाईंजवळ ठेवून मी रत्नागिरीला मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाकाला राहिले. रविवारी यायचं आणि संध्याकाळच्या गाडीने परत जायचं, अशी चार वर्षं गेली. माझी पोर माझ्याशी पाहुण्यासारखी बोलायला लागली होती, मला ‘चहा घेणार का’ विचारायची. आता ती मेसही बंद झाली. पुण्यात एके ठिकाणी जागा होती, पण पुण्याहून दर रविवारी येणं कसलं जमतंय? घरात राहून पोर वाढवायची तर अण्णांशिवाय दार नव्हतं. म्हणून नाक मुठीत धरून आले होते.

आणि आता खरी गोम सांगते. मी चव घेतली नव्हती.

त्या दिवशी झालं ते असं. अण्णांचं मीठ पडलं की चिंचेचा कोळ आणि गूळ मी घालायची, हा आमचा क्रम. त्यामुळे मी कोळाचं भांडं हातात घेऊन त्यांच्या मुठीकडेच बघत उभी होते. त्यांनी मूठ भरली, तेवढ्यात होमाला तूप कमी पडलं म्हणून गुरुजींची हाक आली. अण्णांनी मूठ परत डब्यात सोडली आणि गेले. परत आले ते मला “कोळ घाल” म्हणाले आणि पुढच्या कामाला लागले. मला वाटलं, मागाहून घालतील. नऊ वर्षांत अण्णांना मिठाची आठवण कुणी केली नव्हती, मी कशी करणार? बघता बघता नैवेद्याचं पान वाढून देवापुढे गेलंसुद्धा. पंगत बसायला लागली, तेव्हा मात्र मला राहवेना. मी जवळ जाऊन हळूच म्हटलं, “अण्णा, आमटी अळणी आहे.”

ते गर्रकन वळले. “तुला कसं कळलं?”

आणि नेमके त्याच क्षणी दाबके आपल्या व्याह्यांना घेऊन दारात उभे. “हे आमचे खांबेटे,” ते सांगत होते, “चाळीस वर्षांत यांचं मीठ एकदा चुकलेलं नाही, पैज लावा.”

‘तुम्ही विसरलात’ हे त्यांच्यादेखत मी कसं म्हणू? अण्णा पुटपुटले, “पान दाखवायच्या आधी चव घेतलीस?”

मी मान हलवली. होकारार्थी.

पुढे काय होणार हे मला त्या क्षणी कळलं असतं तर! अण्णांनी तीनशे पानांची आमटी ओतून दिली. नवी होईस्तोवर पंगत दीड तास खोळंबली, दाबक्यांच्या बहिणीने थयथयाट केला, आणि मी चपला हातात घेऊन मांडवाबाहेर पडले. सरळ घरी जाऊन अंथरुणात तोंड खुपसून रडले. पण रडतानाही मला वाटत होतं, की मी काहीतरी फार मोठं केलंय. अण्णांचं नाव राखलं. चार वर्षं रत्नागिरीच्या त्या खोलीत मी याच विचाराच्या उबेला राहिले, हे लपवण्यात अर्थ नाही.

आता पडवीत बसून मी विचार करत होते की यांना नक्की काय हवंय. ‘चव घेतली’ असं माझ्या अक्षरात लिहून हवं असेल, तर ते दाखवून उद्या मलाच दारातून बाहेर काढतील. की यांना कुठून खरं कळलंय आणि ते माझ्या तोंडून ऐकायचंय? मग खरं लिहिलं तर पुन्हा यांचीच चूक यांच्या घरात बसून यांना दाखवल्यासारखं. कोण मालक आपली चूक अर्जात वाचून नोकरी देतो? मी खूप वेळ पेनचं टोपण उघडझाक करत बसले. शेवटी लिहिलं, ‘स्वयंपाकात चूक झाली.’ कुणाची, ते लिहिलं नाही. खोटंही नाही, खरंही नाही. मला माझ्या हुशारीचं कौतुक वाटलं.

तेवढ्यात आतून उमाकाकूंची हाक आली. “सरोज, आत ये गो. उन्हात बसल्येस केव्हाची.”

उमाकाकू म्हणजे अण्णांची बायको. नऊ वर्षांत त्या मला एकदाही टाकून बोलल्या नव्हत्या. मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी पाट घेऊन बसले. त्यांची आमटी उकळत होती. उकळी आली तशी त्यांनी एक लहान पातेलं घेतलं, दोन डाव आमटी त्यात काढून बाजूला ठेवली आणि मग मोठ्या पातेल्यात मीठ घातलं. भाजीचंही तसंच. एक वाटी भाजी आधी बाजूला, मग मीठ.

“हे वेगळं कुणाचं?” मी विचारलं.

“ह्यांचं.”

“अण्णांचं? ब्लडप्रेशर आहे का?”

काकूंनी डाव खाली ठेवला. “तुला कुणी सांगितलं नाही?”

“काय?”

“त्या मुंजीपासून ते अळणी खातायत. चार वर्षं झाली. घरात नाही, बाहेर नाही, मिठाचा कण नाही. आमच्या हातून देवाला उष्टं गेलं म्हणून.”

मला एकदम काही समजलंच नाही. म्हणजे शब्द समजले, पण ते डोक्यात शिरेनात. मी वेड्यासारखी त्या लहान पातेल्याकडे बघत राहिले.

“कधीपर्यंत?” मी कसंबसं विचारलं.

“तेच ना! गुरुजींनी सांगितलं, जिच्या हातून झालं तिने स्वतः येऊन कबूल केलं की सुटलात. तिच्याकडे माणूस धाडायचा नाही, तिला बोलवायचं नाही. तिची ती यायला हवी. आज तुला फाटकात बघितलं आणि आत येऊन मला म्हणाले, उमे, आली.” काकू पुढे झुकल्या. “लिहून टाक एकदाचं. चव घेतली म्हणून. ते तुला कामाला घेणारच आहेत, मला बोललेत. तेवढं लिही आणि सोडव त्यांना. माणूस वाळून काटकुळा झालाय.”

आत्ता मला त्या रकान्याचं कोडं सुटलं, आणि सुटलं तशी मी जास्तच गोंधळले. दोन शब्द लिहायचे होते. ते लिहिले की मला नोकरी, अवनीला आई आणि अण्णांना मीठ. सगळ्यांचं भलं. फक्त ते दोन शब्द खोटे होते. आणि खरं लिहिलं तर? तर अण्णांनी चार वर्षं जे सोसलं ते माझ्या एका खोट्या होकारापायी सोसलं, असं होणार. मी ज्याला मोठेपणा समजत होते त्याने या म्हाताऱ्याच्या पानातलं मीठ काढून घेतलं होतं. मला स्वतःची लाज वाटली. पण खरं सांगून आता कुणाचं भलं होणार होतं? माझं तर नक्कीच नाही. मी ठरवलं, एकदा खोटं बोललेच आहे, आणखी एकदा बोलू.

मी पडवीत गेले. ‘स्वयंपाकात चूक झाली’वर काट मारली आणि लिहिलं, ‘नैवेद्यापूर्वी आमटीची चव घेतली.’

अण्णा पूजा आणि नैवेद्य आटोपून बाहेर आले. खरोखरच वाळले होते, खांद्याची हाडं दिसत होती. त्यांनी अर्ज हातात घेतला, दूर धरून वाचला, पुन्हा जवळ धरून वाचला. मग खाली बसले. डोळे भरून आले होते त्यांचे. त्या माणसाला मी नऊ वर्षांत धुरानेसुद्धा डोळे पुसताना पाहिलं नव्हतं.

“चुकतं माणूस,” ते म्हणाले. “पहाटेपासून राबत होतीस. भूक लागली असेल, मोह झाला असेल. मी फार कडक वागलो. जाऊ दे, सरोज. मी तुला माफ केलं.”

आणि इथे माझं डोकं फिरलं.

नोकरी गेली तेव्हा मी गप्प राहिले होते. गावाने नावं ठेवली, गप्प राहिले. पोरीपासून तुटले, गप्प राहिले. पण माफी? न केलेल्या गोष्टीची, तीही भूक लागली असेल म्हणून? मोह झाला असेल म्हणून? माझ्या अंगाचा असा तिळपापड झाला, की अवनी, नोकरी, गुरुजी, सगळं विसरून मी ओरडले, “मला माफबिफ करू नका! मी चव घेतलीच नव्हती!”

अण्णांचा चेहरा कोरा झाला. “मग हे लिहिलंयस काय?”

“तुम्हाला हवं होतं ते.”

“आणि तेव्हा हो म्हणालीस ते?”

“तेही खोटं.”

“मग आमटी अळणी आहे हे तुला कळलं कसं?”

आता मागे फिरणं शक्य नव्हतं. “मी बघत होते म्हणून. तुम्ही मूठ भरलीत, गुरुजींनी तुपाला हाक मारली, तुम्ही मूठ डब्यात सोडून गेलात. परत येऊन घातलंच नाहीत. तुम्ही विसरलात, अण्णा.”

काकू दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. अण्णा आपल्या उजव्या हाताकडे बघत होते. त्यांनी बोटं मिटली, उघडली, पुन्हा मिटली. बहुधा तो दिवस आठवत असावेत.

“तुपाला हाक मारली होती खरी,” शेवटी ते म्हणाले. मग विचारलं, “मग तेव्हा का बोलली नाहीस?”

“दाबके दारात उभे होते. तुमचं मीठ कधी चुकत नाही म्हणून व्याह्यांना सांगत होते.”

“म्हणून?”

“म्हणून. तुमचं नाव जाऊ नये म्हणून.”

अण्णा माझ्याकडे बघतच राहिले. रागाने म्हणावं तर राग नव्हता. एखाद्या अगदीच बावळट माणसाकडे बघावं तसे बघत होते.

“अगो,” ते म्हणाले, “पानात पहिल्यांदा काय वाढतात?”

“मीठ.”

“कशासाठी?”

मुंजीत असो, लग्नात असो, पान मांडलं की सगळ्यात आधी डाव्या बाजूला चिमूटभर मीठ पडतं. मी स्वतः हजारो पानांवर वाढलं असेल. ज्याला अळणी लागलं असतं त्याने कालवून घेतलं असतं. नाहीतर तुम्ही मीठ विसरलात एवढं मी तिथल्या तिथे सांगितलं असतं, तर अण्णांनी तीन मुठी टाकल्या असत्या, डाव फिरवला असता आणि पंगत वेळेवर बसली असती. दाबक्यांना कळलंसुद्धा नसतं. एवढ्यासाठी मी पोरीचं लहानपण घालवलं होतं. मला हसावं की रडावं कळेना.

हसल्या त्या काकू. आधी पदर तोंडावर धरून, मग तो सोडून देऊन, दाराला टेकून हसत सुटल्या. “चार वर्षं!” त्या म्हणाल्या. “चार वर्षं मी दोन-दोन भांडी करत्ये! उष्टं गेलंच नाही, तर हे अळणी खाल्लं ते कसलं हो? फुकटच की!”

“फुकट नाही,” अण्णा खालच्या आवाजात म्हणाले. “हिच्यावर आळ घेतला, त्याचं धर.”

काकूंचं हसू थांबलं. इतक्या वर्षांत मी त्यांच्याकडून ‘चुकलो’ ऐकायची वाट बघत होते, आणि ते आलं ते असं. मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं.

“पान घ्या,” अण्णा बायकोला म्हणाले. “हिचंही घ्या.”

आम्ही जेवायला बसलो. काकूंनी अण्णांच्या पानात मीठ वाढलं, लिंबू वाढलं, भात वाढला आणि मोठ्या पातेल्यातली आमटी त्यावर घातली. त्या हात मागे घेऊन बघत उभ्या राहिल्या, मीही माझ्या भाताला हात लावला नाही. अण्णांनी पहिला घास घेतला. चेहरा वेडावाकडा झाला. कसाबसा गिळून ते पाण्याच्या भांड्याकडे वळले.

“खारट झालंय,” ते म्हणाले.

“नेहमीचंच आहे हो,” काकू म्हणाल्या.

“खारट आहे. मला कळत नाही का?” पण बोलता बोलताच ते घाबरले असावेत. चाळीस वर्षं आचारकी केलेला माणूस, आणि चार वर्षं अळणी खाल्लेल्या जिभेला आमटी खारट की बरोबर ते सांगता येईना. त्यांनी काकूंकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “हिला दे. हातावर दे.”

काकूंनी माझ्या तळहातावर चमचाभर आमटी घातली. अण्णांच्या घरात, अण्णांसमोर, मी चव घेतली. मीठ अगदी बेताचं होतं, चिंच थोडी पुढे होती.

“बरोबर आहे,” मी म्हटलं.

“खरं सांगतेस? का मला बरं वाटावं म्हणून?”

“खरं सांगते. चिंच मात्र जास्त झालीये.”

काकू म्हणाल्या, “बाई गं!” अण्णांनी भात कालवला आणि जेवायला लागले, दर दोन घासांना पाणी पीत, डोळ्यांतून पाणी येत होतं तरी.

“उद्या पहाटे पाचला कार्यालयावर ये,” ते मान वर न करता म्हणाले. “वास्तुशांत आहे, दीडशे पान. माझ्या शेजारी उभी राहा. मी काही विसरलो तर तिथल्या तिथे बोलायचं, सरोज. दारात कुणीही उभं असो.”